उजवीकडे न वळणारी गाडी

आप्पांची गाडी आठ दिवसांत परत माझ्या दारात आली, तेव्हा डाव्या मडगार्डवर नवा ओरखडा होता. गाडी त्यांच्या मुलानं, संतोषनं चालवत आणली होती. आप्पा शेजारच्या सीटवर हाताची घडी घालून बसले होते. उतरलेसुद्धा नाहीत.

माझं गॅरेज भरे गावाजवळ. जुन्या गाड्या कुणी हातात घेत नाही म्हणून माझ्याकडे येतात, आणि मीही नव्या गाड्यांना फारसा विचारत नाही. आप्पा माण गावचे. त्यांच्या शेतात आता तीन मजले खोल्या उभ्या आहेत आणि त्यात कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात. बदलली नाही ती फक्त गाडी. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असलेली, पन्नाशी गाठलेली. कुणाच्या दारात अशी गाडी असेल तर त्यांना तिचं वेगळं नाव सांगायला नको. दर गुरुवारी आप्पा तीच काढून कासारसाईला थोरल्या बहिणीकडे जायचे.

आता ते बंद झालं होतं. घराच्या फाटकात उजवीकडे वळून शिरताना गाडी डाव्या खांबाला घासली. एकदा नाही, तीनदा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मग घरच्यांनी दोष वयावर टाकला आणि किल्ली संतोषच्या कपाटात गेली.

संतोषनं मला बाजूला घेतलं. "शकीलभाई, गाडीत खोट हाय का न्हाई, एकदाचं सांगा. गाडी नीट असंल तर किल्ली आता माझ्याकडंच राहनार."

म्हणजे मी मेकॅनिकचा पंच झालो होतो. आणि पंच आधीच एकदा तोंडावर पडलेला होता.

आठ दिवसांपूर्वी मीच या गाडीचं अलाइनमेंट केलं होतं. अलाइनमेंट म्हणजे पुढची चाकं मागच्या चाकांच्या रेषेत आणणं. मी ते सुतळी ताणून करतो. कॉम्प्युटरवाले हसतात, हसू देत. चाकं रेषेत आली, की स्टिअरिंगही सरळ दिसलं पाहिजे. ते सरळ आहे हे कसं ओळखायचं? हॉर्नच्या गोल बटणावर गणपतीचं स्टिकर होतं. गणपती ताठ बसलेला दिसला आणि मी खूश होऊन गाडी दिली. माझ्याआधी दोन गॅरेजवाल्यांनी तेच केलं होतं.

मी खिडकीपाशी जाऊन आप्पांना नेमकं काय होतं ते विचारलं. पहिल्यांदाच विचारलं, हेही कबूल करतो.

"सरळ रस्त्याला भटकती," आप्पा म्हणाले. "आन उजवीकडं पुरी वळंना. घरात सांगितलं तर म्हनत्यात, म्हातारा झालाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मनातून मीही तेच म्हटलं होतं.

पुढची चाकं जॅकवर उचलली. चाकं सरळ करून तिथून स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं आणि फेरे मोजले. पावणेदोन. मग उजवीकडे. सव्वा. पुन्हा मोजले. तेवढेच.

इथं जरा समजावून सांगतो. जुन्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली एक बॉक्स असतो आणि त्यात दात असतात. एकूण तीन फेरे असले, तर गाडी सरळ जाताना बॉक्स बरोबर दीड फेऱ्यावर हवा. तिथं दात घट्ट बसतात. तिथून बाजूला सरकला की ढिले पडतात, मग गाडी भटकते. शिवाय उजवीकडे पाव फेरा कमी मिळतो, म्हणजे गाडी उजवीकडे हवी तेवढी वळतच नाही. आप्पांनी एका वाक्यात सांगितलं ते हेच.

पण बॉक्स पाव फेरा सरकला कसा? स्टिअरिंगवर संतोषनं हौसेनं मधल्या दांड्यांसकट झाकणारं जाड केसाळ कव्हर चढवलं होतं. ते सोलून काढलं. या स्टिअरिंगला दोन दांड्या असतात आणि गाडी सरळ असताना त्या आडव्या असतात. इथं त्या खांबासारख्या उभ्या होत्या.

"पर गनपती सरळ हाय की," संतोष म्हणाला.

"चिकटवला कुनी?"

संतोषला आठवायला वेळ लागला. गेल्या दसऱ्याला गाडी धुतली, पार्किंगमध्ये भाडेकरूंच्या मोटारसायकलींमधून कशीबशी आत घातली. आईनं नवीन स्टिकर दिलं, त्यानं ते ताठ लावलं, हळदीकुंकू झालं. चाकं तेव्हा उजवीकडे वळलेली होती. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर गणपती आडवा दिसला, म्हणून हा गडी स्टिअरिंग वाकडं झालं सांगत गॅरेजला गेला. त्या गॅरेजवाल्यानं देव सरळ केला आणि गाडी वाकडी. पुढच्यानं आणि मी त्यावर शिक्का मारला.

आप्पा तेव्हा गाडीतून उतरले. मुलाकडे नुसतं बघितलं.

आधी बॉक्स दीड फेऱ्यावर आणला. बॉक्सकडून चाकांकडे दोन दांडे जातात, त्यांना टाय रॉड म्हणतात. आटे फिरवले की ते लांब-आखूड होतात. एका बाजूचा लांब केला, दुसऱ्या बाजूचा आखूड, आणि पुन्हा सुतळी ताणली. दोन तास गेले. दांड्या आडव्या झाल्या, पण गणपतीही डावीकडे डोकं करून आडवा झाला.

हॉर्नचं बटण उपटून फिरवून बसवायचं, दोन मिनिटांचं काम. पण मी मुसलमान माणूस, दुसऱ्याच्या पुजलेल्या देवाला न विचारता कसा हात लावू? संतोषला आईला, म्हणजे आक्कांना, फोन लावायला सांगितला.

"काढू नका, दसऱ्याला पुजलाय," आक्का म्हणाल्या.

"काढत न्हाई आक्का, जागच्या जागी फिरवतुय."

"मंग फिरवा. पर ग्रीसचं हात आदी धुवा."

साबणानं दोनदा हात धुतले आणि बटण फिरवलं. देव सरळ आणि गाडीही सरळ. इतके महिने हे दोन मिनिटांचं काम कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

ट्रायलला मीही माणपर्यंत गेलो. किल्ली आप्पांना द्या म्हटलं, तर संतोष म्हणाला, आधी मी बघतो. रस्त्यावर गाडी सुतासारखी चालली. फाटकापाशी त्यानं सवयीप्रमाणे स्टिअरिंग उजवीकडे पार शेवटपर्यंत ओढलं. पण आता गाडी खरोखरच वळत होती. उजवा दरवाजा उजव्या खांबाला खरवडत गेला.

आप्पा सावकाश उतरले. आधी उजवी बाजू बघितली, मग पुढून फिरून डावी.

"आता दोनी बाजू सारख्या झाल्या," ते म्हणाले आणि हात पुढे केला. संतोषनं त्यावर किल्ली ठेवली.

त्या गुरुवारी आप्पा कासारसाईला जाऊन आले. तेव्हापासून अशी गाडी आली की मी आधी फेरे मोजतो, गणपतीकडे नंतर बघतो. आणि मालक म्हातारा असेल, तर मोजायच्या आधी त्याचं ऐकून घेतो.