वारा सरला का?

कोरियातल्या योसू बंदराच्या मासळीबाजारात प्यो मान्सिक यांच्याइतका दांडगा आवाज कुणाचा नव्हता. माझं सुक्या मासळीचं दुकान त्यांच्या शेजारीच, त्यामुळे माझे कान जन्मभर किटले. ऑक्टोपस विकताना हा माणूस गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण सून डबा घेऊन आली की एकदम गरीब गाय. तिच्यासमोर त्यांनी कधी साधा ढेकरही दिला नाही.

त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा उशाशी बसायला ती सूनच होती, ह्येसुक. आमच्याकडे पोटाच्या ऑपरेशननंतर सगळा वॉर्ड एकाच गोष्टीची वाट बघतो. आधी वारा सरायचा, म्हणजे आतडं चालू झालं, मग पेज. नर्सनं ह्येसुकला बजावलं, "सरला की मला सांगा." बिचारीनं खाली मान घालून विचारलं, "मामंजी, वारा सरला का?"

"हो, हो, मगाशीच," मान्सिक भिंतीकडे बघत पुटपुटले. ह्येसुकनं नर्सला तसं सांगितलं आणि आनंदानं पेज भरवली.

दुसऱ्या दिवशी ताप भरला, पोट टम्म फुगलं. नर्स म्हणाली, "ऑपरेशन म्हटलं की दुखायचंच." डॉक्टर दारातूनच डोकावून गेले. आतड्याचा शिवलेला सांधा आत सुटला होता. कळलं तोवर दुसऱ्या ऑपरेशनची वेळ आली आणि शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लागली.

घरच्यांनी भरपाईचा दावा लावला. हॉस्पिटलनं हात झटकले: सुनेनंच चुकीचं सांगितलं. मान्सिक यांची लेक मिरान तर तोंडावर म्हणाली, "वहिनी, न विचारताच ठोकून दिलंस ना?" ह्येसुकनं सासऱ्यांना खोटं पाडलं नाही. बाजारात यायचीच बंद झाली. मिरानच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या मला.

तडजोड मंडळापुढच्या बैठकीला मान्सिक, ह्येसुक आणि मिरान यांच्या सोबतीला मीही गेले. वकिलानं मान्सिक यांना दटावलं होतं, "तुम्ही खोटं बोललात हे कळलं तर दावा बुडेल. गप्प बसा." पण हॉस्पिटलच्या माणसानं 'सुनेची चूक' म्हटलं मात्र, मान्सिक उठले. कितीतरी दिवसांनी तो बाजारातला आवाज निघाला.

"तिनं विचारलं होतं! मीच खोटं बोललो. सुनेपुढं लाज वाटली मला. दावा बुडू दे, पण तिचं नाव घ्यायचं नाही!"

मिरानची मान खाली गेली. मंडळातल्या वयस्कर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, पेजेनं टाके उसवत नाहीत. सांधा चांगल्या हातूनही सुटतो कधी." मग त्या हॉस्पिटलच्या माणसाकडे वळल्या. "पण ताप चढल्यावर यांच्या पोटाला हात कुणी लावला?"

तो नुसता कागद चाळत राहिला. आणि तेवढ्यात पोटावरच्या पिशवीनंच मोठ्ठा वारा सोडला.

सगळे छताकडे बघू लागले. मान्सिक कानापर्यंत लाल झाले. ह्येसुक त्यांच्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "मामंजी, आता आणू का पेज?"

म्हातारा हसायला लागला, आणि हसता हसता सुनेचा हात धरून रडला.