मॅरियनबाईंना मिळालेलं उत्तर

क्लीव्हलँडला आमच्या शेजारी राहणाऱ्या मॅरियनबाई गुलाबांना पाणी घालताना एका अनोळखी भाषेत पुटपुटत असतात. त्यांचे पणजोबा आयल ऑफ मॅन या इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या छोट्याशा बेटावरून अमेरिकेत आले. पुढे त्या बेटाची मँक्स भाषा घरातून सुटली. मॅरियनबाईंनी ती सत्तरी उलटल्यावर, रेकॉर्डिंग ऐकून ऐकून शिकायला घेतली.

"पण तिथल्या माणसाला माझं बोलणं कळेल का हो?" असं त्या मला इंग्रजीत विचारायच्या.

परवा त्या बेटावरची एक तरुणी त्यांच्याकडे पाहुणी आली. मी कुंपणाशीच होतो. बाई चाचरत म्हणाल्या, "मोरा माय."

म्हणजे सुप्रभात, एवढं मला त्यांनीच शिकवलेलं. त्यातला 'माय' माझ्या कानाला उगाचच आपला वाटतो.

मुलगी हसली आणि त्याच भाषेत भडाभडा बोलू लागली. बाईंनी काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. भाषा एकट्याने कितीही घोकली, तरी समोरून उत्तर आल्यावरच ती बोलली जाते, हे मला त्या क्षणी डोळ्यांनी दिसलं.

"कळलं हो तिला!" बाई माझ्याकडे वळून ओरडल्या, आणि आनंदाच्या भरात माझ्याशीही मँक्समध्येच बोलत सुटल्या. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

"अहो, किती छान झालं!" मी चक्क मराठीत म्हणालो.

बाईंनी जोरजोरात मान डोलावली आणि मँक्समध्येच पुढचं सांगू लागल्या.