देशांच्या यादीतली ती एक ओळ

मी पोलिसांना घाबरतो, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढचं ऐकून तुम्ही मला वेड्यात काढणारच आहात, पण निदान कारण माहीत असू दे.

दोन हजार सात सालची गोष्ट. शिरोड्याला आमच्या माडांच्या बागेत मी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. वेंगुर्ल्याला जाऊन तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि खोल्यांची वेबसाइट स्वतःच बनवली. त्यात बुकिंगचा फॉर्म होता. नाव काय, किती दिवस राहणार, मासे खाणार की शाकाहारी, आणि देश कोणता.

देश कशाला, असं विचारताय? अहो, आरोंद्याची खाडी ओलांडली की गोवा. तिथे एवढे गोरे लोक येतात, एखादा वाट चुकून आमच्याकडे आला तर?

पण दोनशे देशांची नावं टाइप कोण करणार? मी एका परदेशी कॉम्प्युटर कंपनीच्या वेबसाइटवरून अख्खी यादी उचलली आणि आपल्या फॉर्ममध्ये चिकटवली. वाचली नाही. यादी काय वाचायची असते?

परब सरांनी वाचली. सर आमचे शेजारी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वेबसाइट बघायला म्हणून आले आणि पेपर तपासावा तशी यादी तपासायला लागले. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"बाबल, ह्यां काय आसा?"

मी वाकून पाहिलं. 'इंडिया' अशी एक ओळ. तिच्या खालीच वेगळी ओळ, 'इंडिया, जम्मू आणि काश्मीर, वादग्रस्त'.

"सर, ह्यां माका म्हायत नाय. कंपनीन लिवलेला आसा."

"कंपनी अमेरिकेत आसा. तू शिरोड्यात आसस," सर शांतपणे म्हणाले. "पोलीस आधी कोणाक धरतले?"

देशाचा नकाशा चुकीचा छापला तर आत टाकतात, हे सरांनी वर समजावून सांगितलं. मग ते तैवानकडे वळले. तिथेही घोळ आहे म्हणाले. मी म्हटलं, "सर, तैवान राहू दे. चीनचे पोलीस शिरोड्याक येवचे नाय."

सर गेल्याबरोबर ती ओळ काढायला बसलो. हात असे थरथरत होते की माउस हातात आहे की जिवंत खेकडा, कळत नव्हतं. एक ओळ निवडली, उडवली, साठवून टाकली आणि यादीकडे परत न बघता बंद केली. बघायची हिंमतच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यातून हवालदारांचा फोन आला.

"त्या खोल्यांची वेबसाइट तुमचीच ना?"

"हो. का?"

"त्यात देशांच्या यादीत काहीतरी भानगड आहे म्हणे. साहेब चार वाजता येतायत. घरीच राहा."

फोन ठेवला आणि तिथेच खाली बसलो. बायको, सुमन, आतून आली. "काय झाला? कोण गेला?"

"आजून कोण नाय. मी जातंय," मी म्हटलं.

सगळं ऐकल्यावर सुमन आधी मला बोलली, मग रडली, मग कामाला लागली. तिने एका पिशवीत टॉवेल, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि सोलकढीसाठी आमसुलं भरली. "थंयचा जेवाण तुमका सोसाचा नाय," म्हणाली. मी कॉम्प्युटर काढला आणि चुलीमागच्या लाकडांत नेऊन लपवला. वेबसाइट त्या डब्यात नसते, ती जगाला कुठूनही दिसते, हे मी कोर्समध्ये शिकलो होतो. पण भीतीने कोर्स केलेला नव्हता ना.

साक्षीदार म्हणून परब सरांना बोलवायला गेलो. सर चपला घालत होते. त्यांना अचानक सावंतवाडीला डोळे दाखवायला जायचं होतं. माझी कीव येऊन त्यांनी भारताचा एक मोठा नकाशा दिला. तो मी ओटीवर, येणाऱ्याच्या अगदी समोर टांगला.

चारला जीप आली. साहेब उतरले, मागून हवालदार. साहेब खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि नकाशाकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं. मला वाटलं, माणूस काश्मीरच बघतोय.

मी हात जोडले आणि सुटलोच. "साहेब, काश्मीर मी वेगळं केलेलं नाही. कंपनीने केलं होतं. मी फक्त यादी चिकटवली. कळल्याबरोबर ती ओळ उडवली. मी देशद्रोही नाही साहेब, माझा सख्खा चुलता फौजेत होता."

साहेबांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने माझ्याकडे.

"कसलं काश्मीर?" साहेब म्हणाले. "अहो, माझी मेहुणी पुण्याहून तुमची खोली बुक करतेय. दोन दिवस झाले, तिला यादीत भारतच सापडत नाही. मी या बाजूला येणारच होतो, म्हटलं विचारून जावं."

मला त्यांचं म्हणणं पटेना. भारत नाही असं कसं होईल? त्यांना पटवून द्यायला मीच धावत जाऊन लाकडांतून कॉम्प्युटर काढून आणला, फुंकर मारून राख उडवली, जोडला आणि साहेबांच्या नाकासमोर यादी उघडली.

हंगेरी. आइसलँड. मग 'इंडिया, जम्मू आणि काश्मीर, वादग्रस्त'. मग इंडोनेशिया.

थरथरत्या हाताने मी नको ती ओळ उडवली होती. वादग्रस्त होतं ते तसंच ठेवून बाकीचा देश मी काढून टाकला होता.

सुमन दाराआड देवाचं नाव घ्यायला लागली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि यादी पुन्हा वाचली.

"हे मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. "मला खोली हवी होती. पुरावा तुम्ही स्वतः आणून दाखवलात."

साहेबांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढली. त्यांच्या देखरेखीखाली मी ती ओळ काढली आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हणत इंडिया परत लिहिलं. शनिवार-रविवारची खोली मेहुणीच्या नावावर लिहून घेतली.

जाताना पायरीवर हवालदाराने हळूच विचारलं, "साहेब, यांच्यावर गुन्हा नोंदवून घ्यायचा का?"

साहेब जीपमध्ये बसले. म्हणाले, "काय घेणार? या माणसाने दुसऱ्या कोणाचं काही केलेलं नाही. आपल्या घरासकट, खोल्यांसकट तो एकटाच तीन दिवस देशाबाहेर जाऊन बसला होता."