हौसाचं अर्धं जेवण

महिपत शिवगण जेवायला बसला की पानात भात पडेपर्यंत काय ते दिसायचं. त्यानंतर दिसायचं ते रिकामं ताट. यात कौतुक काही नव्हतं, धंद्याची सवय होती. तो गवंडी. सिमेंटचा माल एकदा कालवला की तो कुणासाठी थांबत नाही. भाकरीच्या नादात माल सुकला तर फेकावा लागतो, आणि ज्याने तो कालवला त्याची मेहनत मातीत जाते. म्हणून महिपत जन्मभर उकिडवा बसून, एक डोळा घमेल्यावर ठेवून जेवला. थापी सुटून आता काही वर्षं झाली होती. घमेली परसात पालथी पडली होती. डोक्यातला माल मात्र अजून सुकतच होता.

त्याची बायको हौसा नेमकी उलटी. घास तोंडात घोळवल्याशिवाय ती गिळायची नाही, आणि पानातला चांगला जिन्नस शेवटाला राखायची. लग्न झाल्यापासून दोघं जेवायला एकत्र बसली असतील; एकत्र उठली कधीच नाहीत.

गणपती गेले आणि हौसा परसातल्या पायरीवर शेवाळावरून घसरली. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लॅस्टर बसलं. पायरी महिपतनेच बांधलेली आहे, हे तिने दवाखान्यात सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं आणि घरी आल्यावर शेजारच्या तुळसाला सांगितलं.

महिपतने स्वयंपाक करून पाहिला. तांदळाला पाणी किती, हे त्याने सिमेंटच्या अंदाजाने ठरवलं. भात टोपात असा धरला की काढायला छिन्नी लागली असती. हौसाने एक घास चाखला.

"भिंतीला लावा," ती म्हणाली.

मुलगी मनस्वी मंडणगडला दिलेली. तिचा फोन आला, "आई, हात बरा होईस्तोवर इकडंच ये." हौसा म्हणाली, "बघते." हा शब्द महिपतला आवडला नाही. हौसा 'बघते' म्हणाली म्हणजे मनातल्या मनात पिशवी भरायला लागली. ती गेली तर घरात तो एकटा. पुढ्यात भात, आणि तोही स्वतः केलेला.

"हॉटेलात जाऊ," तो म्हणाला. "रोज दुपारी. रत्नागिरीत काय हॉटेलं कमी हायत?"

"पार्सल आणायचं नाय. पिशवीतलं सांबार मी खायाची नाय. टेबलावर बसून जेवायचं." हौसाचा आवाज जरा चढला. "अर्ध्या हॉटेलांच्या भिंती तुमी बांधल्यात. मी भाकरी घेऊन यायची ती रेतीच्या ढिगापतूर. आत काय हाय ते मला बगायचं हाय."

पहिल्या दिवशी दोघं एसटी स्टँडजवळच्या डोशाच्या हॉटेलात गेली. डाव्या हाताने जेवायचं म्हणून हौसा आधीच अंग चोरून बसली होती. तिने चमचा मागून घेतला. महिपतने आपला मसाला डोसा संपवला, हात धुतला आणि मोरीच्या फरशीचा उतार बघून आला. उतार बरोबर होता. समाधान झालं. पैसे देऊन तो दारात जाऊन उभा राहिला. म्हातारा दारात उभा म्हणजे टेबल मोकळं, असं धरून वेटरने हौसापुढची बशी उचलली. तिचा चमचा हवेतच राहिला.

"कुठं माल सुकत होता?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"झालं नव्हतं तुजं?"

"कडेकडेचं झालं होतं. भाजी लागायची होती."

दुसऱ्या दिवशी मारुती मंदिराकडची एसीवाली थाळी. आज उठायचं नाही, असं महिपतने ठरवलं होतं. त्याचं ताट लगेच रिकामं झालं, तरी तो बसून राहिला. वाढपी येऊन विचारत, "आजोबा, चपाती? भात?" तो मान हलवी. समोर चार माणसं घाम गाळत वाढतायत आणि आपण हातपाय धड असताना बूड टेकून बसलोय, हे त्याला बघवेना. साईटवर प्रत्येकजण आपलं ताट आपण उचलायचा. उठायचं नाही असं ठरलं होतं, पण हात चालवायला कुठे बंदी होती? त्याने आपल्या वाट्या एकात एक घातल्या. मग हौसाने पाण्याचा पेला तोंडाला लावला तेवढ्यात तिच्याही घातल्या. थाळीवर थाळी नीट रचली, आणि रचलेलं तसंच ठेवणं बरं दिसेना म्हणून उठून मोरीकडे पोचती केली. वाढपी "अहो, ठेवा ठेवा" करत मागे धावला.

परत आला तर हौसा बोडक्या टेबलाकडे बघत बसलेली.

"त्यात श्रीखंड होतं," ती म्हणाली.

"मग आदी खायाचं ना गो."

"आदी खाल्लं तर शेवटाला काय खाऊ? टेबल?"

तिसऱ्या दिवशी भाट्याच्या बाजूला, झाडांखाली खुर्च्या मांडलेलं चायनीज. हे हौसाचं मागणं. नातू समर्थ मंडणगडहून आला की नूडल्स नूडल्स करतो, ते काय प्रकरण आहे ते तिला खाऊन बघायचं होतं. डाव्या हातातल्या काट्यावरून नूडल्स सुळकन घसरत. तोंडाशी येईपर्यंत एखादाच दोर उरे. तरी ती नेटाने लागली होती, आणि तिला ते आवडतही होतं.

महिपतचं झालं होतं. त्याच्या पाठीशी चिऱ्यांचा गडगा होता, कुंपणाची बुटकी भिंत. गडगा त्याच्या नजरेला वाकडा वाटला. तो उठला, थोडा मागे सरला, एक डोळा मिटला. मग हाताने जरा दाबून बघितलं. वरचा चिरा सुटला आणि त्याच्या हातात आला.

"अवो काका, काय करताय?" मालक गल्ल्यावरून धावत आला. "चांगला गडगा पाडलात."

"पाडला नाय. बगत होतो."

"असं बघतात? कालच रचून घेतलाय. ओला आहे अजून."

ओल्या कामाला हात लावू नये, हे त्याने स्वतः किती माणसांना शिव्या घालून शिकवलं होतं. तो खाली मान घालून चिरा परत बसवायला लागला. मालक डोक्यावर उभा, बाकीची गिऱ्हाइकं माना वळवून बघतायत, आणि हौसा पदर तोंडावर घेऊन रिक्षा शोधायला निघालेली. नूडल्स बशीतच थिजल्या.

रिक्षाने भाट्याचा पूल ओलांडल्यावर ती बोलली.

"उद्या एक डाव बगणार. उद्यापण मला अर्धपोटी उठवलंत, तर परवाच्या गाडीनं मी मंडणगडला. मनस्वीला सांगून ठेवलंय."

"मी उठवतो काय तुला? तूच सावकाश."

"चाळीस वर्षं मी पान वाढून तुमच्यासमोर बसले. तुमी माज्यासमोर एक दिवस बसून दाखवा."

यात घासाघीस करण्यासारखं काही नव्हतं. सकाळी महिपतने अंगणात खुर्ची टाकून सावकाश खायचा सराव केला. केळं घेतलं. घास मोजून चावायचा, असं ठरवलं. दोन घासांत केळं संपलं. नुसतं बसून बघितलं, तर हात आपोआप खुर्चीच्या ढिल्या खिळ्याशी खेळायला लागले.

"खिळा ऱ्हाऊ द्या," आतून हौसा म्हणाली.

दुपारी ती त्याला मिरकरवाड्याला घेऊन गेली. जेटीच्या अलीकडे अस्लम आणि नसीमा या नवराबायकोची खानावळ होती. नसीमा रांधायची, अस्लम वाढायचा. आतला ओटा अस्लमच्या बापाच्या वेळी महिपतनेच घातलेला, त्यामुळे ओळख जुनी.

"या काका. काकी, हाताला काय केलंत?"

"पायरी ह्यांनी बांधलीय," हौसा म्हणाली.

अस्लमने समजून मान हलवली. "सुरमई आहे, ताजी. काकींना बरी पडेल, काट्याची भानगड नाही."

"तारली दे," हौसा म्हणाली. "सार आणि भात."

महिपत तिच्याकडे बघत राहिला. "तारली? त्या केसासारख्या काट्यांची? डाव्या हातानं?"

"माजा एक मोडलाय. तुमचे दोन हायत ना?"

ताटं आली. सारात तारल्या शेजारी शेजारी निजलेल्या. हौसा हात मांडीत घेऊन बसली. महिपतने आपलं ताट बाजूला सारलं, तिचं पुढे ओढलं आणि पहिली तारली उचलली.

मधला कणा सोपा होता. अंगठ्याने दाबून, शेपटीकडून धरून ओढला की एका दमात निघाला. खरं काम त्यानंतर. कडेचे काटे मऊ, बारीक, आणि सिमेंटने खाल्लेल्या त्याच्या बोटांना ते लागतच नव्हते. तो प्रत्येक तुकडा खिडकीच्या उजेडाला धरून बघायला लागला. पहिली तारली साफ होईपर्यंत पलीकडच्या टेबलावर एक माणूस जेवून गेला आणि दुसरा बसला.

"भिंत बांधताय काय?" हौसा म्हणाली. तोंड मात्र उघडून तयार.

तिने घास चावला, थांबली, आणि जिभेवरून एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मुकादम तुटका चिरा वेगळा काढतो तसा.

"हा कुणाचा?"

महिपतने काटा बघितला. चूक त्याचीच होती. त्याने पुढची तारली आणखी उजेडात धरली.

मग तो कामात शिरला. कणा, कडा, उजेड, भातात कालवणं, चमचा. हौसाला घोळवून खायला वेळ लागे, तेवढ्यात त्याचा पुढचा घास तयार होई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांचा वेग जुळला. कडेला आणखी काटा पडला नाही. मध्येच अस्लम आला.

"काका, आतल्या ओट्यावर पाणी साचतंय हल्ली. जरा नजर टाकता का?"

हौसाचा घास तोंडातच थांबला.

"नंतर," महिपत मान वर न करता म्हणाला. "दोन तारल्या ऱ्हायल्यायत."

शेवटची तारली सर्वांत मोठी, गाभोळीची, पोटात अंडी भरलेली. हौसाने ती राखून ठेवायला सांगितली होती. ती तिने डोळे मिटून खाल्ली. पानात काही उरलं नाही.

मग महिपतने आपलं ताट ओढलं. सार गार झालं होतं, वर तेलाची साय धरली होती. नसीमा टेबल पुसायला फडकं घेऊन आली, तशी हौसाने प्लॅस्टरचा हात आडवा धरला.

"थांब गो. ते जेवतायत."

महिपत जेवला. घाईने नाही; बोटं काट्यांनी इतकी बोचली होती की घाई होईना. हौसा समोर बसून राहिली. फोन वाजला. मनस्वी होती. "नाय गो बाय, येत नाय," हौसा म्हणाली. "हितं जेवायची सोय झालीय."

हात धुताना महिपतने ओट्याकडे एक नजर टाकली. पाणी साचत होतं खरं.

"उद्या येऊन बगतो," तो अस्लमला म्हणाला.

"उद्या याच," हौसा मागून म्हणाली. "अस्लम, उद्या कुर्ल्या मिळतील काय रे? मोठ्या बग. नांग्यांच्या."

महिपतने आपल्या बोटांकडे बघितलं आणि ती पुन्हा एकदा धुतली.