अडतीस झाडांचं हमीपत्र

जेलरोडला विमलाबाई पगारे राहतात. अंगणवाडीत बत्तीस वर्षं नोकरी झाली, म्हणून सगळी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. नवरा जयराम वारला तेव्हापासून घरात एकट्याच. लेक चैताली देवळाली कॅम्पला दिलेली.

घरामागे जयरामनं लावलेला पिंपळ होता. रोप त्यानं त्रिरश्मी लेण्यांकडून आणलं होतं. पौर्णिमेला बाई त्याच्यापुढे मेणबत्ती लावून बुद्धवंदना म्हणायच्या. पण मुळं घराखाली शिरली. आधी मोरीची फरशी उचलली गेली, मग स्वयंपाकघराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. गवंडी म्हणाला, "झाड ठेवा नाहीतर घर ठेवा."

शेजारच्यांनी मार्ग सुचवला : बुंध्याला भोक पाडून ॲसिड ओता, सहा महिन्यांत आपोआप वाळेल, कोणाला कळणार नाही. बाईंनी ते ऐकूनही घेतलं नाही. त्यांनी महापालिकेच्या उद्यान विभागात रीतसर अर्ज दिला. परवानगीशिवाय स्वतःच्या आवारातलं झाडही तोडता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

निरीक्षक पाहणीला आले. तरुण होते, बोलायला नम्र. भेग पाहिली, बुंध्याला टेप लावला.

"झाडाचं वय किती असेल, मावशी?"

"माझी चैताली झाली त्याच वर्षी लावलंय. अडतीस."

त्यांनी अडतीस लिहिलं. लोकांच्या हरकतींची मुदत संपल्यावर परवानगी आली. चैतालीनं पत्र वाचलं. झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची होती. प्रत्येक झाड माणसाच्या उंचीचं, आणि सगळी सात वर्षं जगवायची.

"आई, तू वीस का नाही सांगितलंस?"

"मला विचारलं, मी सांगितलं," बाई म्हणाल्या.

त्यांच्या आवारात तुळशीला जेमतेम जागा. वणीजवळ शेत असलेला भाचा सहादू म्हणाला, "मावशी, बांधावर लाव की, लय जागा हाय." पण झाडं शहराच्या हद्दीतच हवी होती. शेवटी निरीक्षकांनीच धावपळ करून वालदेवी नदीकडची एक मोकळी जागा मिळवून दिली. बाईंनी हमीपत्रावर सही केली.

पिंपळ तोडला त्या दिवशी बाई लेकीकडे कॅम्पला जाऊन बसल्या. करवतीचा आवाज त्यांना ऐकायचा नव्हता. परत आल्या तर मागच्या खोलीत एवढा उजेड की त्यांना तिथं उभं राहवेना.

पावसाळ्यात वालदेवीकडे अडतीस रोपं लागली. करंज, कडुनिंब, बहावा, आणि बाईंच्या हट्टापायी एक पिंपळ. दिवाळीनंतर जमीन दगडासारखी झाली. पाण्याची सोय नव्हती. गल्लीतले नियाजभाई आठवड्यातून दोनदा रिक्षात पाण्याचे कॅन टाकून बाईंना तिकडे न्यायचे. एक कॅन तीन रोपांना पुरायचा. रोपांभोवतीच्या जाळ्या वाकवून शेळ्यांनी बहावा खाल्ला. मेमध्ये आठवड्याला तीन-चार रोपं काळी पडत गेली. बाई खोडाला नखानं ओरखडून बघत. आत हिरवं दिसलं की त्याला तांब्याभर जास्त.

जूनमध्ये निरीक्षक मोजायला आले. सतरा जिवंत होती.

"मावशी, मेलेल्यांच्या जागी नवी लावावी लागतील. आणि त्यांची सात वर्षं लावल्यापासून मोजतात."

"साहेब, मी बहात्तरची आहे."

त्यांनी वही मिटली. "नियम मी नाही केला, मावशी. मोठमोठे बिल्डर झाडं पाडतात ना, त्यांच्यासाठी केलाय."

"चांगलाच आहे नियम," बाई म्हणाल्या. खरंच तसं वाटून म्हणाल्या. "पण मी काय करू ते सांगा."

जाताना निरीक्षकांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी जवळच्या करंजाला घातलं.

चैताली म्हणते, घराला कुलूप लाव, माझ्याकडे ये. घर आता धड आहे, भिंत लिंपून झाली आहे. पण गेलं तर रोपांकडे कोण बघणार, म्हणून बाई जात नाहीत. नवी एकवीस रोपं लावली. दुसऱ्या उन्हाळ्यात गुडघा इतका सुजला की रिक्षातून उतरवेना. त्या रिक्षातच बसून राहिल्या आणि नियाजभाई एकेका रोपापाशी कॅन नेऊन ओतत राहिले.

"शेवटच्या ओळीला पुरलं का हो?" बाईंनी विचारलं.

"नाही पुरलं, बाई."

बाईंनी मान हलवली. रिक्षा वळून जेलरोडला लागली.