दोरी लावणारा बाबली

डिचोलीत खाणीचे ट्रक धावत होते, तेव्हा बाबली मिस्त्रीने दोरी लावल्याशिवाय ड्रायव्हर नव्या टायरवर गाडी काढत नसे. चाकं सरळ आहेत का ते बघायला मागच्या चाकापासून पुढे दोरी ताणायची, पुढचं चाक दोरीपासून कुठे किती सुटतं ते पट्टीने मोजायचं. पुढून चाकं किंचित आत हवीत. जास्त वळली तर टायर किसणीवर धरल्यासारखा झिजतो.

आता मोपा विमानतळाच्या टॅक्स्या समोर नवं गॅरेज काढलेल्या निलेशकडे वळत. चाकांना आरसे लावायचे, मशीनच्या पडद्यावर आकडे हिरवे झाले की काम संपलं. अंगावरच्या शर्टाला डाग नाही! बाबली दिवसभर तेच बघत बसे.

"तुमी बघल्यात म्हणान त्येच्याकडच्यो गाड्यो कमी होतत काय?" बायको सत्यवती म्हणायची.

एक दिवस कोरगावचा सगुण, बाबलीचं जुनं गिऱ्हाईक, गाडी घेऊन निलेशकडे शिरला. बाबलीला वाटलं, आपल्याच ताटातला मासा कोणी उचलला. पण तिथून निघाला तो सगुण सरळ इकडे आला.

"मिस्त्री, दोरी लाव मरे. धा मिनटांत सोडल्यान माका. चुकलेला आसात तर परत त्येच्या दारात जावचंय नाय."

बाबली उडी मारूनच उठला. मोजलं. बरोबर. दुसऱ्या बाजूने मोजलं. तिसऱ्यांदा तर पट्टी मुद्दाम तिरकी धरून पाहिली. मेल्याचं काम केसभरही चुकलं नव्हतं.

"काय आसा?"

"जरा जास्त आत आसत," बाबलीच्या तोंडून गेलं.

तो गाडीखाली सरपटला, पुढची चाकं आत-बाहेर करणाऱ्या टायरॉडचा नट सैल केला. आता अर्धा फेरा दिला की माप खरंच बदललं असतं आणि निलेशचं काम चुकलेलं ठरलं असतं. पण पाना धरलेला हात फिरेना. इतकं नेमकं काम बिघडवायचं? शिव्या घालत त्याने नट होता तसाच आवळला.

सगुण बाजारापर्यंत फेरी मारून आला. "ह्येका म्हणतत हात! आता सुतात धावता. ए निलेश, शीक काय तरी मिस्त्रीकडसून!"

निलेश हात पुसत आला. टोमणा नाही, काही नाही. "काका, कितकी आत आसली? माझां मशीन चुकता काय बघूक होयां. सगुणकाका, गाडी परत चढवया."

बाबलीला ठाऊक होतं, पडद्यावर मघाचेच आकडे जसेच्या तसे येणार आणि आपण काहीच केलं नाही हे उघड होणार.

"चढवूक नको!" तो ओरडला. मग दोरी गुंडाळत, निलेशकडे न बघता म्हणाला, "बस हंय. सत्यवती, तीन चाय घाल. ह्येका बिस्कीट पण दी."