जहाजाचं वळण

पनवेलच्या ऑफिसात बसून मी समुद्राखालचा दगड वाचतो. सर्वेचं जहाज पाण्यात आवाज सोडतं, तो खालच्या थरांवर आपटून परत येतो, आणि त्या नोंदींवरून दगडाला भेगा कुठे आहेत ते मी सांगतो. आमच्या दगडात भेगा असतील तरच तेल वाहतं.

एकदा अशाच नोंदींच्या नकाशावर मला समांतर रेघा दिसल्या, एका जागी सगळ्या मिळून वळलेल्या. भेगाच आहेत, असं मी ठासून लिहून दिलं. तेलाची विहीर तिथेच खणली. दगड फरशीसारखा अखंड निघाला.

पुढे एकदा ऑफिसच्या गाडीचे ड्रायव्हर माझ्या खोलीत आले. ते उरणकडचे कोळी. पूर्वी सर्वेच्या जहाजापुढे होडी घेऊन जायचे, मच्छीमारांना जाळी काढायला सांगायला. टेबलावरच्या त्याच नकाशावर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मची खूण होती, तिच्यावरून त्यांनी जागा ओळखली. तिच्याशेजारच्या वळणावर त्यांनी बोट ठेवलं.

"जहाज इथंच वळलेला, साहेब. आमची जाळी होती, आमी काढली नाय."

मी जहाजाच्या वाटा काढून नकाशावर ठेवल्या. रेघ न् रेघ जुळली. जहाजाच्या फेऱ्यांमुळे नकाशावर उमटलेल्या रेघांना भेगा समजू नका, हे नव्या लोकांना दरवर्षी मीच घसा फोडून शिकवतो!

वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या विहिरीच्या मंजुरीचा कागद पुढे सरकवला. नकाशा तोच, वळणही तेच. मी सही केली.

संध्याकाळी ड्रायव्हरनी विचारलं, "नकाशा बदललात काय, साहेब?"

मी म्हणालो, "गाडी काढा."